पार्श्वभूमी : कंट्रोलच्या चौकटीत मराठी उशिरा का आली

सोलापूरच्या मार्केट यार्डात कांदा विकला की शेतकरी अडत्याकडून पट्टी घेतो. वजन, भाव, खाली हमाली-तोलाई आणि शेवटी हातात पडणारी रक्कम. ती मराठीत हवी, कारण ती वाचून पडताळणारा माणूस मराठी वाचतो. पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांच्या हजेरीपटावर तेलुगू घरांतली नावं असतात आणि अक्कलकोटच्या बाजूला कानडी कानावर पडते. अशा गावात बिलाचं, हजेरीचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हिशेब जुळवायला फार वेळ लागत नसे. दिवस जात ते नाव नीट उमटवण्यात. ही जुनी सॉफ्टवेअर आता वेबवर हलवली जात आहेत, म्हणून मागचं थोडं मांडून ठेवतो.

माऊसनं दाबायची बटणं, उघडणाऱ्या याद्या, सरकपट्ट्या यांचा उगम 1970च्या दशकातल्या अमेरिकेतल्या संशोधनात आहे. 1984 साली मॅकिंटॉश आणि 1985 साली विंडोज आल्यावर त्यांचा प्रसार झाला. युनिक्सवाले त्यांना विजेट म्हणत, विंडोजवाले कंट्रोल, नंतरचे कंपोनंट. आपल्याकडे कंट्रोल हाच शब्द रुळला, कारण बहुतेकांचा या धंद्यात प्रवेश मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतून झाला.

त्याआधी होतं फॉक्सप्रो, डेटाबेसचे प्रोग्राम लिहायची भाषा. पडद्यावर ओळ-स्तंभ सांगून ‘से’ने मजकूर दाखवायचा आणि ‘गेट’ने भरून घ्यायचा. एंटर दाबलं की पुढचा खाना. त्या काळी मराठीची सोय संगणकात जिस्ट हे भारतीय लिप्यांचं कार्ड बसवून होत असे. त्यामागचा इस्की संकेत, म्हणजे अक्षरांना क्रमांक देण्याची पद्धत, विशेष होता : देवनागरी, तेलुगू, कन्नड या लिप्यांतल्या एकाच उच्चाराच्या अक्षराला एकच क्रमांक. त्यामुळे देवनागरीत भरलेलं नाव लिपी बदलून तेलुगूत दाखवता येई. सोलापूरसाठी याहून सोयीची व्यवस्था नंतर बराच काळ मिळाली नाही, असं मला वाटतं.

व्हिज्युअल बेसिक 1991 साली आलं आणि कंट्रोल फॉर्मवर ओढून ठेवायची वस्तू झाली. दुकानातल्या बोटांना मात्र एंटरची सवय होती आणि विंडोज पुढच्या खान्यात जायला टॅब मागत होतं. म्हणून प्रत्येक टेक्स्टबॉक्सच्या (मजकूर भरायच्या चौकटीच्या) कीप्रेसमध्ये, म्हणजे कळ दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये, ‘13 आला तर सेंडकीजने टॅब पाठव’ ही ओळ लिहिली जाई. 13 हा एंटरचा क्रमांक, आणि सेंडकीज म्हणजे प्रोग्रामनंच कळ दाबल्याचं सोंग. विंडोजची व्हिस्टा आवृत्ती आल्यावर तीच ओळ परवानगी नाकारल्याची एरर देऊ लागली आणि सगळे फॉर्म पुन्हा उघडावे लागले. बिलाच्या ग्रिडचीही, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्याचीही, अशीच कसरत. सोबत येणाऱ्या फ्लेक्सग्रिडच्या खान्यात थेट टाइप करता येत नसे. मग एक टेक्स्टबॉक्स लपवून ठेवायचा, खाना निवडला की नेमका त्याच मापाचा करून त्यावर आणून बसवायचा आणि खाना सोडताना मजकूर खाली उतरवायचा. भरणाऱ्याला कळतही नसे. आपल्याकडचे अनेकजण कंट्रोल घडवायला शिकले ते या तरंगत्या टेक्स्टबॉक्सवर.

खरा गुंता मजकुराच्या संकेताचा होता, आणि त्यावर अजूनही वाद होतो.

1995 साली व्हिज्युअल बेसिकची चौथी आवृत्ती आली. तिच्यात भाषेच्या पोटातला मजकूर युनिकोड झाला, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांना एकत्र क्रमांक देणाऱ्या संकेतात गेला. कंट्रोल मात्र अँसीच राहिले, म्हणजे एका वेळी एकाच कोडपेजमधली (अक्षर-क्रमांकांच्या एका छोट्या तक्त्यातली) अक्षरं दाखवणारे. पोटातला मजकूर पडद्यावर जाताना त्या कोडपेजमधून गाळून जाई. जपानी किंवा रशियन मजकुराला विंडोजमध्ये कोडपेज होतं. देवनागरीला, तेलुगूला, कन्नडला तसं अँसी कोडपेज कधीच नव्हतं. आपल्या लिप्या विंडोजमध्ये थेट युनिकोडमधूनच आल्या. त्यामुळे गाळणीतून आपलं एकही अक्षर पार होत नसे. प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह.

कंट्रोल अँसीच ठेवण्याच्या निर्णयाची बाजू घेणारे विंडोज 95कडे बोट दाखवतात. त्या प्रणालीचा बहुतांश पाया अँसी होता आणि बहुतेक ग्राहक तिथंच होते. कंट्रोल युनिकोड केले असते तर ते तिथं चाललेच नसते. 1995 पुरतं हे मला पटतं. पण 1998 साली सहावी आवृत्ती आली तेव्हाही काही बदललं नाही. 2000 साली विंडोज 2000 देवनागरीच्या मंगल फॉन्टसकट आलं, नोटपॅडमध्ये मराठी लिहिता येऊ लागलं आणि त्याच संगणकावर आपण लिहिलेल्या फॉर्ममध्ये ‘????’ दिसत राहिलं. निदान पर्यायी, युनिकोड जाणणारे कंट्रोल तरी सोबत द्यायला हवे होते. तसे कंट्रोल तयार होते, ऑफिसच्या फॉर्म्स 2.0 या संचात. पण तो संच आपल्या सॉफ्टवेअरबरोबर ग्राहकाला वाटायची परवानगी नव्हती. त्याच्या संगणकावर ऑफिस असेल तरच काम भागे. तिसरा मार्ग विंडोजच्या फंक्शनना थेट हाक मारून स्वतःचा टेक्स्टबॉक्स उभारण्याचा. त्यासाठी खिडकीचे संदेश मध्येच अडवावे लागत, आणि त्या अवस्थेत प्रोग्राम थांबवला की संपूर्ण एडिटर न सांगता बंद पडे. सेव्ह न केलेलं काम गेलं.

यातला सर्वांत वाईट भाग पडद्यावर दिसत नसे. अ‍ॅक्सेस 2000 पासूनचा डेटाबेस युनिकोड साठवत होता, म्हणजे आत नाव बरोबर असे. फॉर्मवर प्रश्नचिन्हं येत, आणि कुणी त्याच खान्यात काही दुरुस्त करून सेव्ह केलं की प्रश्नचिन्हंच साठवली जात. मूळ नाव गेलं ते गेलं.

म्हणून सगळे फॉन्टच्या पळवाटेनं गेले. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेला फॉन्ट लावायचा. संगणकाला तो मजकूर इंग्रजी, माणसाला मराठी. छपाई सुरेख येई. पण ‘शि’ लिहिताना वेलांटी आधी साठवली जाई, त्यामुळे शिवाजी, विठ्ठल आणि निंगप्पा यादीत शेजारी येऊन बसत. ‘श’ अर्धा श आणि काना अशा दोन तुकड्यांचा, म्हणून एकदा बॅकस्पेस दाबलं की नुसता काना जाई. प्रत्येक फॉन्टची मांडणीही वेगळी. कामगाराला तेलुगूत चिठ्ठी द्यायची तर सगळं नव्यानं भरावं लागे.

2002 साली मायक्रोसॉफ्टची नवी प्रोग्रामिंग व्यवस्था डॉटनेट आली आणि तिच्या विंडोज फॉर्म्सच्या टेक्स्टबॉक्समध्ये मराठी एकदाची दिसू लागली. इतर अनेक कंट्रोलवरचा मजकूर तेव्हा जीडीआय-प्लस या विंडोजच्या नव्या रेखाटन-व्यवस्थेतून रेखला जाई. 2005च्या आवृत्तीत तो जुन्या जीडीआयकडे परत नेला, त्यामागे आपल्यासारख्या लिप्या नीट जुळून याव्यात हेही एक कारण होतं. स्वतःचा ग्रिड रेखणाऱ्याला हा फरक माहीत नसेल तर एकाच फॉर्मवर दोन वळणांची मराठी दिसे.

वेबवर गोष्ट वेगळी घडली. 1995च्या एचटीएमएल 2.0 या वेबपानांच्या भाषेच्या आवृत्तीत इनपुट, सिलेक्ट, टेक्स्टएरिया एवढंच होतं. डेस्कटॉपवाले त्याला कंट्रोल म्हणायलाही तयार नव्हते. पण पान यूटीएफ-8 (युनिकोड साठवण्याची पद्धत) असलं आणि संगणकात फॉन्ट असला की त्या साध्या चौकटीत मराठी बिनबोभाट चाले, कारण अक्षरजोडणी ब्राउझर पाहत होता. डॉटनेटच्या वेब फॉर्म्सनी डेस्कटॉपसारखे ग्रिड वेबवर आणले, पण व्ह्यूस्टेटचं, म्हणजे पानाची अवस्था दर वेळी ने-आण करण्याचं, ओझं घेऊन. डायलअपवर एक बटण दाबून चहा घेऊन यावं अशी पानं होती. मग 2006 मध्ये जेक्वेरी, 2013 मध्ये रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्टची साधनं आली, आणि कंट्रोल पुन्हा हातानं घडू लागले.

त्याबरोबर जुनी चूकही परत आली. कीडाउनमध्ये, म्हणजे कळ दाबताक्षणी, ती ओळखून अक्षर अडवणारा कोड अँड्रॉइडवर मराठी टाइप करताना कोलमडतो, कारण तिथं बहुतेक कळांचा क्रमांक 229 असाच येतो. मॅक्सलेंग्थ, म्हणजे खान्यातल्या मजकुराची कमाल लांबी, 20 ठेवली की ‘सिद्धेश्वर’ एवढ्या नावालाच दहा जागा लागतात. दिसायला चार अक्षरं, संगणकाला दहा. वडिलांचं नाव आणि आडनाव त्यात बसत नाही. लाखाच्या स्वल्पविरामाची तऱ्हा तशीच होती : व्हिज्युअल बेसिकच्या फॉरमॅटला कितीही ‘##,##,##0’ सांगा, तो 1,234,567 असंच लिही. ब्राउझर आता 12,34,567 देतो, आणि मराठी सांगितली तर १२,३४,५६७. पण हाच देवनागरी आकडा कुणी खान्यात भरला तर जावास्क्रिप्ट त्याला संख्या मानत नाही. आधी आपणच बदलून द्यावा लागतो.

व्हिज्युअल बेसिक 6च्या एडिटरचा आधार 2008 साली संपला. त्यात लिहिलेले प्रोग्राम विंडोज 11 वरही चालतात, म्हणून ते अजून वापरात आहेत. ते वेबवर नेताना पडदे नव्यानं लिहिता येतात. अडतं ते फॉन्टमध्ये भरलेल्या नावांपाशी. रूपांतराचे तक्ते असतात, पण एकाच रकान्यात काही नावं फॉन्टमध्ये आणि काही सरळ इंग्रजीत भरलेली असली की दोन्ही साठवणीत इंग्रजीच दिसतात, आणि तक्ता इंग्रजी नावांचाही चुराडा करतो. ती यादी शेवटी कागदावर छापून, त्या पेढीत वर्षानुवर्षं नोंदी केलेल्या कारकुनासमोर ठेवावी लागते.