क्यूबला तेल कशासाठी?

1982 साली मामाने मस्कतहून आणलेला रुबिक क्यूब, म्हणजे थर फिरवून रंग जुळवायचं ते ठोकळ्याचं कोडं, आमच्या घरात महिनाभर हातोहात फिरला आणि मग अडायला लागला. वरचा थर फिरवावा तर मधला सोबत यायचा, मध्येच कट्ट आवाज होऊन हात थांबायचा. कुरकुरणाऱ्या कुठल्याही वस्तूवर आजीकडे एकच उपाय असे. तोच मी केला, फटीफटीतून खोबरेल सोडलं. दोन महिने क्यूब लोण्यासारखा फिरला. मग डिसेंबरात पुण्यात थंडी पडली आणि एका सकाळी तो जो बसला तो हलेचना. खोबरेल साधारण 24 अंशांखाली थिजतं. अंघोळीआधी बाटली उन्हात ठेवायची हे घरात सगळ्यांना माहीत होतं, क्यूब उन्हात ठेवायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

हे आठवलं ते परवा भाचीला पाहून. ती क्यूबच्या स्पर्धांना जाते. क्यूबचा एक तुकडा काढून ती आत दाट पारदर्शक तेलाचा थेंब सोडत होती. क्यूबवाल्या मुलांच्या भाषेत याला ‘लूब’ म्हणतात. मी आपलं विचारलं, “याने अजून जोरात फिरतो का गं?” ती म्हणाली, “नाही रे मामा. फार जोरात फिरतोय, जरा स्लो करायचाय.”

वंगण घालायचं आणि तेही वेग कमी करायला! माझ्यातला भौतिकशास्त्राचा मास्तर जागा व्हायला एवढं पुरे होतं.

आधी क्यूबच्या पोटात पाहू. बुडापेस्टमध्ये वास्तुशास्त्र शिकवणाऱ्या एर्नो रुबिक यांनी 1974 मध्ये बनवलेला पहिला नमुना लाकडाचा होता, पण आतली कल्पना आजही तीच आहे. मधोमध सहा हातांचा सांगाडा, म्हणजे ‘कोअर’. प्रत्येक हातात एक स्क्रू, स्क्रूवर स्प्रिंग आणि तिच्या दाबाखाली प्रत्येक बाजूचा मधला तुकडा. उरलेले 12 कडांचे आणि 8 कोपऱ्यांचे तुकडे कशालाच जोडलेले नसतात. एकमेकांच्या खाली पाय अडकवून ते एकमेकांना धरून असतात, गर्दीच्या लोकलमध्ये कुठलीही कडी न पकडता माणसं उभी असतात तशी. त्यामुळे एक थर फिरवला की आत डझनावारी जागी प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासतं.

या घासण्याचे दोन स्वभाव आहेत. थांबलेली वस्तू हलवायला जो जोर लागतो तो स्थितिक घर्षणाविरुद्ध, आणि एकदा हलल्यावर ती चालू ठेवायला लागतो तो गतिक घर्षणाविरुद्ध. दुसरा सहसा पहिल्यापेक्षा कमी असतो. या फरकातूनच सगळी कटकट सुरू होते. वस्तू अडते, बोट जोर वाढवतं, मग ती एकदम सुटते, जोर जास्त झालेला असतो म्हणून पुढे धावते आणि पुन्हा अडते. खडू फळ्यावर किंचाळतो किंवा जुनं दार करकरतं ते याच अडक-सटकीने. कोरड्या क्यूबचा खरखरीत आवाजही त्यातलाच. तेलाचा थर मध्ये आला की हा फरक मिटत जातो आणि क्यूब एकसारखा सरकतो. वंगणाचं हे काम आपल्या ओळखीचं आहे, आजीच्या खोबरेलानेही पहिले दोन महिने तेच केलं होतं.

भाची म्हणत होती ते काम वेगळं. कोरड्या घर्षणाला वेगाशी फारसं देणंघेणं नसतं. पृष्ठभाग सावकाश सरको की भरभर, विरोध जवळजवळ तेवढाच. द्रवाचं तसं नाही. दोन पृष्ठभागांमधल्या तेलाच्या थरात एक बाजू स्थिर आणि दुसरी धावती असेल, तर तेलाचे पदर एकमेकांवरून ओढले जातात आणि जितका वेग जास्त तितका विरोध जास्त. तेलाच्या या दाटपणाला पुस्तकात श्यानता म्हणतात. दवाखान्याच्या दारावर बसवलेला डोअर क्लोजर आठवा. दार हळू ढकललं तर ते मुकाट्याने उघडतं, सोडलं तर स्प्रिंग ते ओढून घेते, पण धाडकन आपटू देत नाही. आतलं तेल फक्त घाईला विरोध करतं. क्यूबमधल्या थेंबाकडूनही हेच हवं असतं.

घाई किती असते? चांगली मुलं सेकंदाला दहा वेळा थर फिरवतात, म्हणजे एका पाववळणाला एक दशांश सेकंद. साडेपाच सेंटिमीटरच्या क्यूबचा कोपरा तेवढ्यात सहा सेंटिमीटरच्या आसपास अंतर कापतो आणि बरोबर 90 अंशांवर त्याला थांबायचं असतं. तो फार पुढे गेला तर पुढचा आडवा थर त्याच्यावर आदळतो. याला मुलं ‘लॉकअप’ म्हणतात. फारच वाकडा आदळला तर एखादा तुकडा उडून टेबलाखाली जातो, तो ‘पॉप’. शेवटच्या वळणाला थर 45 अंशांपर्यंत तिरका राहिला तर क्यूब सुटला असंच धरतात, त्याहून जास्त तिरका राहिला तर एक वळण बाकी धरून 2 सेकंदांचा दंड बसतो. दहा सेकंदांच्या खेळात दोन सेकंद म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. सैल सुटलेला, अतिवेगवान क्यूब म्हणूनच कुणाला नको असतो.

2016-17 च्या सुमारास क्यूबमध्ये चुंबक आले. कडेचा आणि कोपऱ्याचा तुकडा जिथे भेटतात अशा 24 जागा, प्रत्येक जागी दोन्हीकडे एकेक, असे 48 इवलेसे निओडिमियमचे चुंबक. थर जागेजवळ आला की ते त्याला शेवटचे काही अंश ओढून घेतात आणि बोटाला हलका टक्क जाणवतो. तेलाची गरज आता संपली असं वाटेल, पण चुंबक फक्त ओढतो. ओढलेली वस्तू पलीकडे जाते, परत येते, पुन्हा जाते. शॉक अॅब्सॉर्बर गेलेली स्कूटर गतिरोधकावरून गेल्यावर कशी नाचत राहते, तसंच. कुठे थांबायचं ते चुंबक सांगतो, थांबवायचं काम तेल करतं. भाचीच्या क्यूबमध्ये दोन्ही आहेत, आणि तो हातात घेतला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की चाळीस वर्षांपूर्वी मी ज्याच्याशी झगडलो तो कोड्याचा अर्धा भाग यंत्राचाच दोष होता.

पण तेल कुठलं? सध्याची बहुतेक दाट लूब सिलिकॉन तेलाची असतात. या तेलाच्या रेणूचा कणा कार्बनचा नसून सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या एकाआड एक मण्यांचा असतो. ही माळ विलक्षण लवचीक असते. तिच्या अंगाला कार्बन-हायड्रोजनचे छोटे गट लटकलेले असतात, त्यामुळे रेणू एकमेकांना फार घट्ट धरत नाहीत. याचे दोन फायदे. पहिला, तेल आपोआप पसरतं. पाण्याचा पृष्ठताण याच्या तिपटीहून जास्त आहे, म्हणून पाण्याचा थेंब प्लॅस्टिकवर गोळा होऊन बसतो आणि हे तेल मात्र लोळत जातं. दुसरा, तापमान बदललं तरी त्याची श्यानता इतर तेलांच्या मानाने कमी बदलते. डिसेंबरातला माझा घोटाळा त्यात होणं शक्य नाही.

बाटलीवर आकडा असतो, 10,000 किंवा 50,000. एकक सेंटिस्टोक. नेहमीच्या तापमानाला पाणी साधारण 1 सेंटिस्टोक असतं, म्हणजे 50,000 चं तेल मधापेक्षाही कितीतरी दाट. या बाटल्या मुळात क्यूबसाठी नव्हत्याच. रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या शर्यतीच्या मोटारींच्या डिफरन्शियलमध्ये, दोन चाकांच्या वेगातला फरक आवरायला हे तेल घालतात. कुणा क्यूबवाल्याने ते उचललं आणि प्रथा पडली. दोन्हीकडे काम एकच, उधळणाऱ्याला आवरायचं.

इथे एक गंमत आहे. एवढं दाट तेल असेल तर क्यूब चिखलात रुतल्यासारखा फिरायला हवा, तसा तो फिरत नाही. आतला थर समजा मिलिमीटरचा पन्नासावा भाग जाड आहे आणि त्याची एक बाजू सेकंदाला 30 सेंटिमीटरने धावते आहे. एवढ्या पातळ पदरात एवढी ओढाताण झाली की सिलिकॉनच्या लांबलचक, गुंतलेल्या माळा ओढीच्या दिशेला सरळ होतात आणि तेल तेवढ्यापुरतं पातळ होतं. हात थांबला की माळा पुन्हा गुंततात. म्हणून सावकाश फिरवताना जड वाटणारा क्यूब जोरात फिरवला की वेगाच्या मानाने तेवढा जड वाटत नाही, आणि थांबायच्या वेळी पुन्हा भारदस्त होतो. यापेक्षा हुशार ब्रेक मुद्दाम बनवायला गेलो असतो तरी जमला नसता.

याउलट पाण्यावर आधारलेली पातळ लूब वेगासाठीच असतात. लावल्यावर थोडा वेळ क्यूब गिळगिळीत, मग शंभरेक वळणांनी तो मोकळा होतो आणि सुसाट सुटतो. पाणी उडत जातं तसा परिणामही विरतो, त्यामुळे स्पर्धेच्या सकाळी लावणारे बरेच. बहुतेक मुलं दोन्ही वापरतात. दाट तेल कोअरच्या स्क्रू-स्प्रिंगांवर आणि थोडं तुकड्यांच्या पायांना, पातळ त्यावर. कोणतं किती, यावर मुलांमध्ये जे वाद चालतात ते आमटीत गूळ किती यावरच्या वादांइतकेच संपण्यासारखे आहेत.

गंजलेले नटबोल्ट सोडवायचा फवारा किंवा शिवणयंत्राचं तेल मात्र क्यूबला नको. क्यूबचं प्लॅस्टिक बहुधा एबीएस असतं. त्याच्या लांब साखळ्या शेवयांसारख्या नुसत्या गुंतलेल्या असतात, शिस्तीत रचलेल्या नसतात. पेट्रोलियमवर्गीय द्रावक त्या गुंत्यात शिरतात, प्लॅस्टिक फुगवतात आणि जिथे सतत ताण आहे तिथे केसासारख्या बारीक चिरा पाडतात. अॅसिटोन असलेलं नेलपॉलिश रिमूव्हर तर एबीएस सरळ विरघळवतं. खाद्यतेलांचा त्रास वेगळा. ती हवेने हळूहळू चिकट होतात आणि धूळ धरून ठेवतात.

पहिल्या दिवसांत कुणाला हे ठाऊक होतं म्हणा! म्युनिकला 13 मार्च 1981 रोजी गिनेसने भरवलेल्या स्पर्धेत सगळे क्यूब चाळीस वेळा फिरवून, पेट्रोलियम जेली लावून दिले होते. जिंकणाऱ्याला 38 सेकंद लागले. पुढच्या वर्षी बुडापेस्टच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन थाई याने 22.95 सेकंदांत बाजी मारली, आणि 2023 मध्ये मॅक्स पार्कने 3.13 सेकंद नोंदवले. याचं श्रेय तेलाला देऊ नका. सोडवायच्या पद्धती सुधारल्या, मुलं लहान वयात सुरू करू लागली, आणि क्यूबची आतली घडणही बदलली. आताच्या क्यूबमधल्या तुकड्यांचे कोपरे आतून गोलसर असतात, त्यामुळे थर बराच तिरका असला तरी पुढचा थर त्याला ढकलून वाट काढतो. काहींच्या आतल्या भागावर मुद्दाम बारीक खाचा किंवा पोळ्यासारखी नक्षी असते. आरशासारखे गुळगुळीत दोन पृष्ठभाग एकमेकांना जास्त जागी टेकतात आणि चिकटतात, नक्षीमुळे टेकणारी जागा कमी होते आणि तेलाला राहायला घर मिळतं.

देखभाल सांगायची तर तीत कष्ट कमी, संयम जास्त. क्यूब वापरात राहिला की प्लॅस्टिकची झीज, बोटांचा घाम, घरातली धूळ आणि तेल यांचा राखाडी लगदा आत साठतो. तो वंगण राहत नाही, पॉलिश पेपरसारखा घासतो. अशा वेळी वर आणखी तेल ओतणं ही सगळ्यात सामान्य चूक. एक थर 45 अंश फिरवून कडेचा एक तुकडा अलगद उचकायचा, बाकीचे सुटे होतात. तुकडे कोमट पाण्यात थोडा साबण घालून धुवायचे आणि रात्रभर पंख्याखाली वाळवायचे. कोअर पाण्यात घालायचा नाही, जुन्या ब्रशने झाडायचा, कारण स्क्रू आणि स्प्रिंगा पोलादाच्या असतात आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर त्या पाण्याशिवायही गंजतात. मग सहाही स्क्रू सारखे आवळायचे. घट्ट केले तर दाब वाढतो, दाबाबरोबर घर्षण, आणि बोटं दुखतात. सैल सोडले तर पॉप. तेल एक-दोन थेंबच, आणि पसरेपर्यंत क्यूब फिरवत बसायचं.

परत जोडताना तो सुटलेल्या स्थितीतच, रंगाला रंग लावून जोडायचा. तुकडे जसे हाताला येतील तसे बसवले तर क्यूब सुटण्याची शक्यता बारात एक. कोपरा जागच्या जागी तीन प्रकारे बसू शकतो, कडा दोन प्रकारे, आणि शिवाय दोन तुकड्यांची अदलाबदल होऊ शकते. तीन गुणिले दोन गुणिले दोन, बारा. या बारा दुनियांमध्ये फिरवून फिरवून एकीतून दुसरीत जाता येत नाही, क्यूब उघडावाच लागतो.

हे सगळं समजल्यावर मी माळ्यावरून मामाचा क्यूब काढला. आत खोबरेलाचा पिवळट, खवट थर बसला होता आणि एक स्प्रिंग तांबेरली होती. भाचीने दिलेल्या साबणाच्या पाण्यात सगळं धुतलं, वाळवलं, 10,000 चा एक थेंब घातला, मोठ्या दिमाखात जोडला आणि तिच्या हातात दिला. तिने सरासर फिरवला, शेवटच्या थरावर थांबली, क्यूब उलटसुलट करून पाहिला.

“मामा, एक कोपरा फिरवून बसवलायस तू.”

तिने पेचकसाने एक कड उचकली, कोपरा काढून तिसऱ्या हिश्श्याने फिरवला, परत दाबला आणि दहा सेकंदांत क्यूब सोडवून माझ्यापुढे ठेवला. छान फिरतो आता, सकाळच्या थंडीतही. वास मात्र अजून खोबरेलाचाच येतो.