निवृत्तीनंतरचे दक्षिणेतील स्थलांतर (अमेरिका)

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मिशिगन, इलिनॉय, ओहायो अशा कडक हिवाळ्याच्या राज्यांत आयुष्यभर नोकरी करून निवृत्तीनंतर फ्लोरिडा, ॲरिझोना, टेक्सास, कॅरोलायना अशा उबदार राज्यांत कायमचे राहायला जाण्याची अमेरिकेतील प्रथा. या दक्षिण पट्ट्याला ‘सन बेल्ट’ म्हणतात. घर उत्तरेतच ठेवून फक्त हिवाळ्यापुरते दक्षिणेत येणारे ते ‘स्नोबर्ड’. प्रथा गाजलेली असली तरी ती बहुसंख्यांची नाही. पासष्टीपुढचे बहुतेक अमेरिकन आहे त्याच गावात राहतात आणि एका वर्षात राज्य बदलणारा शंभरात एखादाच निघतो. लोकसंख्येतील ज्येष्ठांच्या प्रमाणात पहिला क्रमांक फ्लोरिडाचा नसून बर्फाळ मेन राज्याचा आहे. तरुण बाहेर पडले आणि म्हातारे जागचे हलले नाहीत, की असे होते.

१९३५ च्या सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) कायद्याने आणि युद्धोत्तर काळातील कंपन्यांच्या पेन्शनमुळे मुलांवर अवलंबून नसलेला, हातात थोडा पैसा असलेला निवृत्तांचा वर्ग तयार झाला. १९६५ मध्ये मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा आल्यावर उपचारांची काळजीही बरीच हलकी झाली. पण या साऱ्याइतकाच वाटा घरगुती एअर कंडिशनरचा आहे. तो नसता, तर मिशिगनच्या माणसाने फ्लोरिडातला एक ऑगस्टही काढला नसता. १ जानेवारी १९६० रोजी डेल वेब या बांधकाम व्यावसायिकाने ॲरिझोनातील फीनिक्सजवळ ‘सन सिटी’ ही निवृत्तांची वसाहत खुली केली. नमुना घरे पाहायला पहिल्या काही दिवसांतच सुमारे एक लाख माणसे लोटली. गोल्फचे मैदान, जलतरण तलाव, छंदवर्ग आणि शेजारी सगळे समवयस्क, असा तो बेत होता. फ्लोरिडातील ‘द व्हिलेजेस’ ही त्याची भव्य आवृत्ती. एका ट्रेलर पार्कातून (हलवता येणाऱ्या घरांच्या वस्तीतून) वाढलेल्या या वसाहतीचा महानगर-विभाग २०१० ते २०२० या दशकात देशात सर्वांत वेगाने वाढला. तिथे बाजाराला, दवाखान्यात आणि मित्राकडे गोल्फ कार्टमधूनच जातात.

१९९५ च्या कायद्यानुसार, किमान ८० टक्के घरांत पंचावन्न किंवा त्याहून अधिक वयाची एक तरी व्यक्ती राहत असेल, तर वसाहतीला मुलाबाळांच्या कुटुंबांना घर नाकारता येते. काही वसाहतींत नातवंडांनी वर्षाकाठी किती दिवस राहायचे यालाही मर्यादा असते. एकटेपणावर अशा वसाहतीचा उपयोग होतो, हे मान्य करावे लागते. नव्याने येणारा प्रत्येक जण ओळखी शोधतच आलेला असतो, त्यामुळे महिन्याभरात पत्त्यांचा डाव जमतो. दुसरी बाजू सन सिटीतच दिसली. तिथल्या रहिवाशांनी शाळांसाठी काढायच्या आणि स्थानिक करांतून फेडायच्या कर्जरोख्यांचे प्रस्ताव मतदानात वारंवार पाडले आणि शेवटी ती वसाहत शाळा-जिल्ह्यातून वेगळी काढावी लागली.

जाण्याच्या कारणांत थंडीखालोखाल कर येतो, आणि सर्वाधिक गैरसमज इथेच आहेत. फ्लोरिडाच्या राज्यघटनेतच वैयक्तिक प्राप्तिकराला मनाई आहे. टेक्सास आणि नेवाडातही तो नाही, तर ॲरिझोनाने २०२३ पासून तो सरसकट अडीच टक्क्यांवर आणला. जिथे नोकरी केली त्या राज्याला पूर्वी, निवृत्त माणूस दुसरीकडे गेला तरी, त्याच्या पेन्शनवर कर मागता येत असे. १९९६ पासून अमलात आलेल्या संघीय कायद्याने ती वाट बंद झाली. एवढे वाचून माणूस सामान बांधायला घेतो. परंतु इलिनॉय आणि पेनसिल्व्हेनिया ही थंड राज्येसुद्धा निवृत्तिवेतनावर प्राप्तिकर घेत नाहीत. इलिनॉयमधल्या शिकागोच्या पेन्शनरला फ्लोरिडातल्या ऑर्लँडोला जाऊन या खात्यात काहीच वाचत नाही. टेक्सास प्राप्तिकर सोडते आणि घरपट्टीत वसूल करते. फ्लोरिडात स्वतः राहत असलेल्या घराचे करपात्र मूल्य वर्षाला तीन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही, हे खरे. मात्र घर विकले जाताच ते पुन्हा बाजारभावावर येते. म्हणून वीस वर्षे तिथे असलेल्या शेजाऱ्याची घरपट्टी पाहून आपला हिशेब मांडणारा नवा खरेदीदार पहिल्याच बिलाला दचकतो.

राज्य सोडल्याचे सिद्धही करावे लागते. न्यूयॉर्कमध्ये घर ठेवून वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस तिथे काढले, तर ते राज्य त्या माणसाला रहिवासी धरून पूर्ण उत्पन्नावर कर मागू शकते. तपासात मतदार नोंदणी, वाहन परवाना, फोनच्या नोंदी, इतकेच काय, जिव्हाळ्याच्या वस्तू कोणत्या घरात ठेवल्या आहेत हेही पाहिले जाते.

वाचलेला कर फ्लोरिडात बऱ्याचदा विम्यात जातो. १९९२ च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर अनेक विमा कंपन्या बुडाल्या किंवा निघून गेल्या, आणि ज्यांना कोणी विमा देईना त्यांच्यासाठी २००२ मध्ये ‘सिटिझन्स’ ही राज्याची संस्था उभी राहिली. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे पाणी धरलेले नसते, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळाने निवृत्तांच्या आवडत्या फोर्ट मायर्स भागात समुद्राचे पाणी घरांत घुसवले, तेव्हा हा फरक अनेकांना भोवला. मृतांतही ज्येष्ठांचे प्रमाण मोठे होते.

फ्लॅट घेणाऱ्यांचा प्रश्न निराळा. २४ जून २०२१ रोजी मायामीजवळच्या सर्फसाइड येथे समुद्रकाठची इमारत कोसळून ९८ जण मरण पावले. पुढच्याच वर्षी राज्याने तीन किंवा अधिक मजल्यांच्या जुन्या निवासी इमारतींची संरचना-तपासणी आणि दुरुस्ती-निधी सक्तीचा केला. कायदा योग्यच होता. पण वर्षानुवर्षे मासिक वर्गणी कमी ठेवत आलेल्या इमारतींत त्यामुळे अचानक मोठ्या रकमा मागितल्या जाऊ लागल्या, आणि ठरावीक उत्पन्नावर जगणाऱ्याला त्या भरणे किंवा घर विकणे एवढेच पर्याय उरले.

हवेचा हिशेबही जानेवारीत मांडून चालत नाही. २०२३ च्या उन्हाळ्यात फीनिक्समध्ये सलग ३१ दिवस पारा ४३ अंश सेल्सिअसवर गेला, आणि त्या शहराच्या मॅरिकोपा काउंटीत (जिल्ह्यात) वर्षभरात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. उत्तरेत जसे चार महिने घरात कोंडून काढावे लागतात तसे इथेही काढावे लागतात, फक्त महिने बदलतात. डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानमन या अभ्यासकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उबदार कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असतील असा अंदाज तिथल्या आणि थंड मध्य-पश्चिमेतल्या, अशा दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांनी केला होता. प्रत्यक्षात दोघांचे समाधान सारखेच निघाले. हा अभ्यास तरुणांवरचा आहे. गुडघेदुखीच्या माणसाला निसरड्या बर्फापासून मिळणारी सुटका त्यात मोजलेली नाही, आणि ती सुटका क्षुल्लक नव्हे.

मूळ मेडिकेअर कोणत्याही राज्यात चालते. खासगी कंपन्यांमार्फत मिळणारी मेडिकेअर ॲडव्हांटेज योजना मात्र ठरावीक भागाशी बांधलेली असते आणि गाव बदलले की नवी घ्यावी लागते. तरी डॉक्टर बदलण्यापेक्षा कठीण जाते ते वयापरत्वे गाडी चालवणे सोडणे. ही राज्ये मोटारीवर चालतात. यूजीन लिटवॅक आणि चार्ल्स लाँजिनो या अभ्यासकांनी १९८७ मध्ये उतारवयातील स्थलांतराचे तीन टप्पे मांडले. धडधाकट जोडपे हवेसाठी निघते, आजारपण किंवा जोडीदाराचा मृत्यू आला की माणूस मुलांजवळ परततो, आणि शेवटी शुश्रूषागृहात जातो. माहितीपत्रकात यातला पहिलाच टप्पा छापलेला असतो. परतीच्या वाटेवर नॉर्थ कॅरोलायना किंवा टेनेसीत थांबणाऱ्यांना गमतीने ‘हाफबॅक’ (अर्ध्या वाटेवर परतलेले) म्हणतात. पूर्ण परत येणाऱ्याला उत्तरेतले विकलेले घर त्याच भावात मिळत नाही, म्हणून सल्लागार आधी वर्षभर, निदान एक उन्हाळा तरी, भाड्याने राहून पाहायला सांगतात.

१९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर अमेरिकेत गेलेल्या भारतीयांची, आणि त्यांत मराठी मंडळींची, पहिली पिढी आता याच वयात आहे. ऑर्लँडोजवळ टॅव्हारेस येथे भारतीयांसाठी ‘शांतिनिकेतन’ ही निवृत्तांची वसाहत उभी राहिली असून तिथे भारतीय जेवणाची आणि प्रार्थनेची सोय आहे. या पिढीपुढे फ्लोरिडाशिवाय पुणे-मुंबईचाही पर्याय असतो. अमेरिकी नागरिकाला सोशल सिक्युरिटी भारतातही मिळते. मेडिकेअर मात्र तिथल्या उपचारांचा खर्च देत नाही. हप्ता वाया जातो म्हणून मेडिकेअरचा ‘भाग ब’ (डॉक्टरांच्या उपचारांचा, दरमहा हप्ता असलेला भाग) सोडून दिला आणि काही वर्षांनी मुलांकडे परतायची वेळ आली, तर तो पुन्हा घेताना मध्ये खंड पडलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के जादा हप्ता लागतो आणि तो पुढे कायम भरावा लागतो.