अठरा पूर्ण झाल्यावर सही कोणाची? दिव्यांग आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तींच्या घरच्यांसाठी कायदेशीर पालकत्वाची माहिती

मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या लेखी ते सज्ञान होतं. त्याला अंघोळ आई घालते, औषधांच्या वेळा वडिलांच्या मोबाइलमध्ये लावलेल्या असतात, यातलं काहीच बदलत नाही. पण त्याच्या वतीने सही करण्याचा आईवडिलांचा अधिकार त्या दिवशी संपतो. १८९० चा पालक व पाल्य कायदा घ्या किंवा १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा घ्या, दोन्ही अज्ञान मुलांपुरतेच आहेत. मग बँकेत खातं उघडताना, वारस म्हणून सातबाऱ्यावर नाव लागल्यावर, किंवा वडील गेल्यानंतर कुटुंब निवृत्तिवेतन सुरू करताना समोरून विचारणा होते, "गार्डियनशिप आहे का?" बऱ्याच घरांमध्ये हा शब्द तिथेच पहिल्यांदा कानावर पडतो, आणि तोही नको त्या वेळी.

म्हणून आधीच सांगते: हे काम आईवडील दोघंही हिंडते-फिरते असताना करायचं आहे. आणि पालकत्व मागायचं ते गरजेपुरतंच.

आधी निदान पाहा, मग कार्यालय

सगळ्यात जास्त हेलपाटे पडतात ते चुकीच्या कार्यालयात गेल्यामुळे. नॅशनल ट्रस्ट कायदा (१९९९) फक्त चार प्रकारच्या दिव्यांगत्वाला लागू आहे: स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता (जुन्या कागदांवर "मतिमंदत्व" लिहिलेलं असतं ते) आणि बहुविकलांगता. यांपैकी एक असेल तर पालकत्वाचा अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा. कोर्टात जायची गरज नाही.

स्किझोफ्रेनिया, बायपोलर, दीर्घकाळचं तीव्र नैराश्य असे मानसिक आजार या कायद्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. तिथे पालक नेमत नाहीत, नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत रुग्णाला साथ देणारी व्यक्ती, नेमतात. उलट बाजूने, या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली आहे. त्यामुळे कोणी "दोन्ही एकच हो" म्हणालं तर ऐकू नका. प्रमाणपत्रावर नेमके काय शब्द आहेत ते वाचा.

स्थानिक स्तर समितीकडचा अर्ज

समितीत तीन जण असतात: जिल्हाधिकारी किंवा त्या दर्जाचा सनदी अधिकारी, नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेकडे नोंदणी असलेल्या संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. दर तीन महिन्यांतून किमान एकदा समितीची बैठक व्हावी असं कायदा म्हणतो. म्हणजे बैठक नुकतीच झाली असेल तर पुढचीची वाट पाहावी लागणार, हे धरून चाला.

अर्ज आईवडिलांनी दोघांनी मिळून करायचा असतो. एक जण हयात नसेल, घटस्फोट झाला असेल, सोडून गेला असेल, तर दुसऱ्याला एकट्याने करता येतो, फक्त तसा पुरावा जोडावा लागतो. आईवडील नसतील तर भावंडं, त्यानंतर इतर नातेवाईक. नातेवाईक म्हणजे रक्ताने, लग्नाने किंवा दत्तकाने जोडलेली कोणीही व्यक्ती. त्यामुळे वहिनी किंवा मामीसुद्धा चालते, आणि प्रत्यक्षात सांभाळणारी बरेचदा तीच असते. कोणीच नसेल तर नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते.

आईवडिलांनी स्वतःलाच पालक नेमून घ्यायला हवं असंही नाही. आपल्या पसंतीच्या व्यक्तीचं नाव सुचवायची मुभा कायद्यातच आहे. वय झालेल्या आईवडिलांनी याचा जरूर विचार करावा. पंचाहत्तरीच्या वडिलांच्या नावाने प्रमाणपत्र काढलं तर काही वर्षांत पुन्हा सगळा अर्ज नव्याने करावा लागेल.

ज्याचं नाव सुचवायचं तो भारताचा नागरिक असावा, त्याला गुन्ह्यात शिक्षा झालेली नसावी, तो दिवाळखोर किंवा पोटापाण्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून असलेला नसावा. शक्यतो तो त्या व्यक्तीच्या जवळ राहणारा असावा. परदेशात स्थायिक झालेल्या मोठ्या भावाचं नाव घालण्याचा मोह होतो, पण रात्री अकरा वाजता फिट आल्यावर जो पोहोचू शकतो त्याचंच नाव घाला. मुलगी असेल तर एकट्या पुरुषाला पालक नेमत नाहीत. भाऊ पालक होणार असेल तर त्याच्या पत्नीसह संयुक्त पालकत्व दिलं जातं आणि त्यात मुख्य पालक पत्नी असते. अर्ज भरण्याआधी वहिनीशी नीट बोलून घ्या. तिच्या आयुष्यावर याचा परिणाम होणार आहे, तिला केवळ सहीपुरतं बोलावणं बरं नाही.

कागदपत्रं

पहिला कागद दिव्यांगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. १ जून २०२१ पासून प्रमाणपत्रं यूडीआयडी पोर्टलवरूनच दिली जातात. हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र असेल तर आधी तेवढं काम उरकून घ्या. प्रमाणपत्र तात्पुरतं असेल तर मुदत कधी संपते तेही पाहा.

बाकीचे कागद घरातलेच असतात: दिव्यांग व्यक्ती आणि होणारा पालक या दोघांचं आधार, ज्याच्यासाठी अर्ज करतोय त्याचा वयाचा पुरावा (जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला), राहण्याचा पुरावा, दोघांचे फोटो, होणाऱ्या पालकाचं लेखी संमतीपत्र, आणि आईवडिलांपैकी कोणी नसल्यास मृत्यूचा दाखला. व्यक्तीच्या नावावर घर, जमीन, ठेव काही असेल तर त्याचा तपशील. अर्जाचा नमुना म्हणजे फॉर्म ए. तो नॅशनल ट्रस्टच्या संकेतस्थळावरून ऑनलाइनही भरता येतो. ऑनलाइन भरला तरी छापील प्रत आणि सगळ्या कागदांच्या झेरॉक्स जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवक विभागात देऊन पोच घेतलेली बरी.

भावंडांचं ना हरकत पत्रही सोबत लावा. कायदा ते मागत नाही. पण एखाद्या भावाला वाटलं की दुसऱ्याला हिस्सा गिळायचाय, तर अर्ज तिथेच अडतो. आणि वाद मिटेपर्यंत हाल त्या मुलाचे होतात.

अर्जातला एक भाग मात्र घाईने भरू नका. पालकत्व कशासाठी हवं आहे? समितीने दोन गोष्टी तपासायच्या असतात: या व्यक्तीला पालकाची गरज आहे का, आणि असेल तर कोणत्या कामांसाठी. बरेच जण तिथे "सर्व कामांसाठी" असं लिहून मोकळे होतात. सायबर कॅफेवाला तर आपणहूनच तसं टाइप करतो. जरा थांबून विचार करा. एखादी तीस वर्षांची मुलगी संरक्षित कार्यशाळेत पणत्या रंगवते, मिळालेले पैसे कशावर खर्च करायचे ते स्वतः ठरवते, कोणते कपडे हवेत ते सांगते. तिला फक्त बँकेची मुदत ठेव आणि वडिलोपार्जित फ्लॅटचे कागद झेपत नाहीत. तिच्या अर्जात तेवढंच लिहा: मुदत ठेवी सांभाळणं, अमुक पत्त्याच्या फ्लॅटचे व्यवहार, रुग्णालयात शस्त्रक्रियेची संमती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं धोरणही हेच आहे. स्वतःची मालमत्ता बाळगण्याचा आणि पैशांचे व्यवहार करण्याचा हक्क तो कायदा दिव्यांग व्यक्तीला देतो. मदत करणाऱ्याने दबाव आणायचा नाही, आणि स्वतःचे हितसंबंध गुंतलेले असतील त्या व्यवहारातून बाजूला व्हायचं, असंही त्यात लिहिलं आहे. जे ती स्वतः करू शकते ते कागदावर तिच्याकडून काढून घेतलं, तर परत मिळवणं फार अवघड जातं.

बैठकीला बहुतेक ठिकाणी त्या व्यक्तीलाही घेऊन यायला सांगतात. गर्दी, आवाज, अनोळखी माणसं यांचा त्रास होत असेल तर अर्जासोबतच लेखी विनंती द्या की समितीच्या सदस्याने घरी येऊन भेटावं. समितीने मंजूर केलं की फॉर्म बी मध्ये नेमणुकीचं प्रमाणपत्र मिळतं. त्यात कोणकोणत्या कामांचा उल्लेख आहे हे कार्यालयातून निघण्याआधी वाचा. बँकांनी हे प्रमाणपत्र ग्राह्य धरावं असं रिझर्व्ह बँकेने कळवलेलं आहे. शाखेत "कोर्टाचंच लागेल" असं सांगितलं तर शाखा व्यवस्थापकाला लेखी अर्ज द्या आणि लेखी उत्तर मागा.

प्रमाणपत्र मिळाल्यावर

ते फ्रेम करून ठेवायचा कागद नव्हे. नेमणुकीपासून सहा महिन्यांच्या आत पालकाने त्या व्यक्तीच्या मालमत्तेची, येणं आणि देणं यांची यादी समितीला द्यायची असते. त्यानंतर दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत, म्हणजे जूनअखेरपर्यंत, हिशेब. एक साधी वही पुरते: तारीख, आलेली रक्कम, खर्च, बिल. तिचे पैसे तिच्याच खात्यात ठेवा, घरखर्चात मिसळू नका. पालक छळ करतोय, दुर्लक्ष करतोय किंवा पैसे लाटतोय असं दिसलं तर आईवडील, नातेवाईक किंवा नोंदणीकृत संस्था त्याला काढण्यासाठी समितीकडे अर्ज करू शकतात. प्रामाणिक माणसाने या तरतुदीला घाबरू नये. हिशेबाची वही हेच त्याचं संरक्षण आहे.

मानसिक आजार असेल तर

इथला कागद अगदी सोपा आहे आणि तरी फार थोड्या घरांत तो तयार असतो. माणूस बरा असताना, स्वतःचा निर्णय घेऊ शकत असताना, साध्या कागदावर असं लिहायचं:

"मी (नाव, वय, पत्ता) मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ च्या कलम १४ नुसार (नाव, नातं, पत्ता, फोन) यांना माझे नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून नेमत आहे."

खाली सही किंवा अंगठा आणि तारीख. प्रतिनिधी सज्ञान हवा आणि हे काम स्वीकारत असल्याचं त्यानेही डॉक्टरांना लेखी द्यायला हवं. संपलं. स्टॅम्प पेपर लागत नाही, कार्यालय लागत नाही. ज्याने नेमलं तो हा कागद कधीही रद्द करू शकतो किंवा बदलू शकतो. असं कोणाचंच नाव नेमलेलं नसेल तर कायद्याने क्रम लावून दिला आहे: आधी नातेवाईक, मग काळजीवाहक. काळजीवाहक म्हणजे सोबत राहून सांभाळणारी व्यक्ती, मग ती नात्यातली नसली तरी चालते. पण क्रमावर सोडून दिलं की रुग्णालयाच्या दारात दोन नातेवाईक दोन बाजूंनी बोलायला लागतात.

प्रतिनिधीला काय करता येतं? निदान आणि उपचारांची माहिती मागता येते, उपचारांचे निर्णय घेताना रुग्णाला आधार देता येतो, घरी सोडतानाच्या नियोजनात भाग घेता येतो. रुग्णाला स्वतः ठरवणं शक्य नसेल आणि त्याला किंवा इतरांना इजा होण्याचा धोका असेल, तर प्रतिनिधीच्या अर्जावर ३० दिवसांपर्यंत दाखल करून घेता येतं. त्यासाठी एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा तज्ज्ञ किंवा डॉक्टर अशा दोघांनी स्वतंत्र तपासणी करावी लागते. हे सगळं करताना रुग्णाची आत्ताची आणि पूर्वीची इच्छा प्रतिनिधीने ध्यानात घ्यायची, हे त्याचं कर्तव्यच आहे.

बँक, घर, जमीन यांच्याशी मात्र या कागदाचा काडीचाही संबंध नाही. मालमत्ता सांभाळण्यासाठी पालक नेमण्याची तरतूद १९८७ च्या जुन्या कायद्यात होती, नव्या कायद्यात ती नाही. म्हणून मानसिक आजार असलेल्या व्यक्तीच्या मालमत्तेचे निर्णय अडले असतील तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ खाली जिल्हा न्यायालयात मर्यादित पालकत्व मागावं लागतं. त्यात पालक आणि ती व्यक्ती यांनी मिळून, विश्वासाने निर्णय घ्यायचे असतात, आणि तेही ठराविक कामापुरते आणि ठराविक काळापुरते. मानसिक आजाराचं दिव्यांगत्व प्रमाणपत्र (टक्केवारी "आयडियाज" या मोजणीने ठरते), उपचारांचे कागद आणि मालमत्तेचा तपशील जवळ ठेवा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. दिव्यांग व्यक्तीला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. सांभाळणाऱ्याला स्वतःलाच बोलायची गरज वाटली तर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं, आणि रुग्णाइतकाच तो घरच्यांसाठीही आहे.

नोकरदार आणि पेन्शनरांसाठी

स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला किंवा मुलीला आईवडिलांच्या पश्चात हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळण्याची सोय केंद्र सरकारच्या नियमांत आहे, राज्य सरकारच्याही आहे. केंद्राच्या नियमांनुसार बौद्धिक अक्षमता किंवा मानसिक आजार असलेल्या अपत्याच्या वतीने पैसे कोणी घ्यायचे हे पेन्शनर हयातीतच नामनिर्देशन करून ठेवू शकतो. स्थानिक स्तर समितीचं प्रमाणपत्रही तिथे चालतं. तेव्हा मुलाचं नाव कुटुंबाच्या तपशिलात आहे का, त्यापुढे दिव्यांगत्वाची नोंद आहे का, हे कार्यालयाकडून लेखी विचारून घ्या. नसेल तर दिव्यांगत्व प्रमाणपत्र जोडून आत्ताच अर्ज द्या. त्याची पोच, निवृत्तिवेतनाच्या आदेशाची प्रत आणि पालकत्वाचं प्रमाणपत्र एकाच फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल कुठल्या कपाटात आहे हे उद्या सांभाळणार असलेल्या माणसाला दाखवून ठेवा.