ठिणगी पडते कधी आणि पडायला हवी कधी: इग्निशनचे दोन मॅप

बॉशच्या एमई७ ईसीयूची, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाची, फाइल पहिल्यांदा उघडणारा माणूस दोन तक्त्यांपाशी हमखास अडखळतो. एकाचं नाव केएफझेडडब्ल्यू, दुसऱ्याचं केएफझेडडब्ल्यूओपी. दोन्हींच्या एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड (सिलिंडर हवेने किती भरला ते), आणि चौकटींमध्ये अंश, म्हणजे पिस्टन अगदी वर पोहोचायच्या किती आधी ठिणगी ते. फरक एवढाच दिसतो की दुसऱ्या तक्त्यातले आकडे मोठे आहेत, आणि जोराच्या लोडला तर बरेच मोठे. मग डोक्यात तो सुप्रसिद्ध विचार येतो: कंपनीनं पॉवर दाबून ठेवली आहे, खरे आकडे शेजारीच पडलेत, उचला आणि पहिल्या तक्त्यात टाका.

असं करणाऱ्याचं इंजिन फार दिवस टिकत नाही.

नावं जर्मन आहेत. केएफ म्हणजे मॅप, झेडडब्ल्यू म्हणजे ठिणगीचा कोन, आणि ओपी म्हणजे 'ऑप्टिमल'. पहिला तक्ता सांगतो ठिणगी कुठे टाकायची. दुसरा सांगतो, या आरपीएमला आणि या लोडला सगळ्यात जास्त टॉर्क मिळण्यासाठी ठिणगी कुठे पडायला हवी होती. पहिला हुकूम आहे, दुसरा नुसता संदर्भ. ही ईसीयू फोक्सवॅगन-आउडीच्या १.८ टर्बो इंजिनांवर असायची. आपल्याकडे तेच इंजिन स्कोडाच्या ऑक्टेव्हिया आरएसमध्ये आलं, आणि ऑक्टेव्हियांची जुळणी संभाजीनगरजवळ शेंद्र्याला व्हायची. त्यामुळे हे उदाहरण तसं घरचंच.

आता 'ऑप्टिमल' म्हणजे नेमकं काय ते पाहू. ठिणगी पडल्या क्षणी स्फोट होत नाही. ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीपर्यंत पसरत जाते आणि त्याला वेळ लागतो. पिस्टन अगदी वर पोहोचून खाली वळल्यावर साधारण ८ ते १० अंशांवर अर्धं मिश्रण जळून झालेलं असलं, की त्या दाबाचं जास्तीत जास्त काम क्रँकला (पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याला) मिळतं. हे जुळण्यासाठी ठिणगी आधीच टाकावी लागते. ती किती अंश आधी टाकली, त्याला आपण ॲडव्हान्स म्हणतो, आणि हे जुळवणाऱ्या कोनाला ट्यूनर मंडळी (ईसीयूचे मॅप बदलून देणारे) एमबीटी म्हणतात: कमाल टॉर्क देणारा कमीत कमी ॲडव्हान्स. त्यातल्या 'कमीत कमी'वर बोट ठेवा, पुढे लागेल.

१,००० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक ६ अंश फिरतो, ६,००० ला ३६. म्हणजे आरपीएम वाढले की ठिणगी लवकर हवी. पण सहापट लवकर नको, कारण वेगाबरोबर सिलिंडरमधली खळबळ वाढते आणि ज्योतही जोरात धावते. लोडचं गणित उलटं आहे. हलक्या पायाने गाडी चालवताना सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, मागच्या फेरीचा जळका वायूही त्यात जास्त मिसळलेला असतो, म्हणून जळणं मंदावतं. त्यामुळे हायवेवर ८० ने शांत चालताना ३५-४० अंशही लागतात, आणि पेडल दाबलं की ऑप्टिमल आकडा स्वतःच खाली येतो. जुन्या मारुतीच्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हेच काम दोन वेगळ्या यंत्रणा करायच्या: आरपीएमसाठी वजनं आणि स्प्रिंग, लोडसाठी व्हॅक्यूमची डबी. मॅप म्हणजे त्याच दोघांची बारीक चौकटींत केलेली मांडणी.

मग केएफझेडडब्ल्यू वेगळा कशाला? कारण वाटेत नॉक उभा आहे. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन खडखडतं, खडे हलवल्यासारखा आवाज येतो. ज्योत पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं शिल्लक मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप पेटतं आणि दाबाची लाट सिलिंडरमध्ये आपटू लागते. ८१ मिमी बोअरच्या या इंजिनात त्या लाटेची वारंवारता ७ किलोहर्ट्झच्या आसपास येते. ब्लॉकवरचे दोन नॉक सेन्सर त्यासाठीच कान लावून बसलेले असतात.

हलक्या लोडला नॉक येतच नाही, तिथे ठिणगी ऑप्टिमलपर्यंत बेलाशक नेता येते, म्हणून त्या भागात दोन्ही तक्ते एकमेकांच्या जवळ असतात. टर्बोने हवा कोंबायला सुरुवात केली (लोड १०० टक्के म्हणजे प्रमाण हवामानात सिलिंडर पुरता भरलेला, टर्बोवर १५० च्या वरही जातो) की नॉकची हद्द एमबीटीच्या बरीच आधी लागते. समजा, ३,००० आरपीएमला भरपूर बूस्टवर (टर्बोच्या दाबावर) ऑप्टिमल २२ आहे, पण खडखड १२ वरच सुरू होते. केएफझेडडब्ल्यूमध्ये १० लिहिलेलं दिसेल. ते १२ अंशांचं अंतर कंपनीनं दाबून ठेवलेली पॉवर नाही. त्या पेट्रोलवर, त्या तापमानाला ते अंतर ओलांडायची सोयच नाही.

सगळ्यात महत्त्वाचं मला हे वाटतं: या दोन हद्दी वेगवेगळ्या कारणांनी सरकतात. पंपावर ९१ ऐवजी १०० ऑक्टेन भरलं तर नॉकची हद्द पुढे जाते, एमबीटी जवळपास जागच्या जागी राहते. मे महिन्यात नागपूरला इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा रेडिएटर) तापला की नॉकची हद्द मागे येते, एमबीटी पुन्हा जागेवरच. मग १०० ऑक्टेनवर नॉन-टर्बो गाडी 'पळायला' का लागत नाही, याचं उत्तर यातच आहे. तिच्या मॅपचा बराचसा भाग आधीच एमबीटीवर बसलेला असेल, तर नॉकची हद्द सरकवून मिळणार काय? ज्यांच्या मॅपला नॉकने अडवलेलं असतं, त्यांनाच महाग पेट्रोलचा पैसा वसूल होतो, आणि तोही ईसीयूने किंवा ट्यूनरने ती मोकळी झालेली जागा वापरली तरच.

दुसरी चूक याच्या उलट बाजूने होते. इथेनॉल जास्त असलेलं किंवा रेसचं इंधन भरलं की नॉक फार पुढे जातो. ट्यूनर एकेक अंश वाढवत राहतो, सेन्सर शांत असतो, म्हणून आणखी वाढवतो. कधीतरी एमबीटी मागे पडते आणि त्याला पत्ताच लागत नाही. तिथून पुढे पिस्टन वर येत असतानाच दाब त्याला खाली ढकलू लागतो. टॉर्क कमी होतो, पण कनेक्टिंग रॉडवरचा आणि हेड गॅस्केटवरचा ताण मात्र वाढत जातो. शांत सेन्सर म्हणजे बरोबर टायमिंग असं नव्हे.

एमबीटीच्या आसपासचा टॉर्क पठारासारखा सपाट असतो. त्यापासून ५ अंश मागे राहिलात तर एक-दोन टक्के टॉर्क जातो, १० अंश मागे राहिलात तर साधारण पाच-सहा टक्के, आणि २० अंशांवर मात्र चांगलीच घसरगुंडी. म्हणून व्याख्येत 'कमीत कमी' आहे: पठारावर चढल्यावर पुढे चालत राहू नका, पहिल्या पायरीवरच थांबा.

ही घसरगुंडीच ईसीयू वापरते, आणि केएफझेडडब्ल्यूओपी फाइलमध्ये असण्याचं खरं कारण तेच आहे. एमई७ टॉर्कमध्ये विचार करते. 'आत्ता ठिणगी ऑप्टिमलपासून किती मागे आहे' यावरून इंजिन किती टॉर्क देत असेल याचा ती अंदाज बांधते. आयडलवर ती ठिणगी मुद्दाम मागे ठेवते; एसी चालू झाला की थ्रॉटल उघडून हवा येईपर्यंत थांबत नाही, नुसती ठिणगी पुढे घेऊन टॉर्क क्षणात वाढवते. ट्रॅक्शन कंट्रोलही तसंच, फक्त उलट्या दिशेने.

त्यामुळे 'दोन्ही तक्ते जुळायला हवेत' म्हणून केएफझेडडब्ल्यूओपीमध्ये सरसकट ३ अंश वाढवणारे लोक पाहिले की कपाळाला हात लावावासा वाटतो. ठिणगी एक अंशही हलत नाही. फक्त ईसीयूला वाटू लागतं की आपण ऑप्टिमलपासून आणखी मागे आहोत, म्हणजे टॉर्क आहे त्यापेक्षा कमी मिळतोय. त्या चुकीच्या हिशेबावर ती पुढचे निर्णय घेते. कॅमशाफ्ट, कॉम्प्रेशन असं काही बदललं नसेल तर या तक्त्याला हात लावायचं काही कारण नाही.

मग गाडीच्या कुठल्या चौकटीत कोणती हद्द आडवी येते, हे ओळखायचं कसं? लोड धरून ठेवणाऱ्या डायनोवर (गाडीचा टॉर्क मोजणाऱ्या यंत्रावर) आरपीएम आणि बूस्ट स्थिर ठेवून ठिणगी एकेक अंश पुढे नेतात. टॉर्क वाढत वाढत सपाट झाला तर ती चौकट एमबीटीची. वाढतोच आहे आणि मध्येच सेन्सर ओरडला तर नॉकची. तिथून दोन-तीन अंश मागे यायचं. नुसता जड रोलर फिरवून मोजणाऱ्या इनर्शिया डायनोवर एक आरपीएम धरून ठेवता येत नाही, त्यामुळे हे काम तिथे नीट होत नाही.

रस्त्यावर तर फक्त नॉकच दिसतो. पुण्याहून साताऱ्याकडे खंबाटकी घाट चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर चढवा: लोड जास्त, आणि मिश्रणाला आपोआप पेटायला वेळही भरपूर. शेजारी लॅपटॉप घेऊन बसणाऱ्या मित्राला डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरमधला मेजरिंग ब्लॉक ०२० उघडून ठेवायला सांगा. तिथे नॉकमुळे ईसीयूने ठिणगी किती मागे घेतली, ती चारही सिलिंडरची माघार वेगवेगळी दिसते. चारही आकडे शून्याजवळ असतील तर केएफझेडडब्ल्यूचा तो कोपरा त्या दिवशीच्या पेट्रोलला मानवतोय. एकच सिलिंडर सतत मागे येत असेल, तर मॅप बदलण्याआधी त्याचा प्लग काढून बघा.