कर्णनाद, जबड्याशी निगडित

बाहेर काही वाजत नसताना कानात शिट्टी, गुणगुण किंवा किर्र असा आवाज येत राहणे म्हणजे कर्णनाद. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात सांगितलेल्या २८ कर्णरोगांत त्याची गणना आहे. ‘कानात रातकिडं वरडत्यात’ ही कोल्हापूरकडची तक्रार त्याचीच. बहुतेक वेळा मूळ कानातच सापडते: वाढते वय, मोठ्या आवाजाने झालेली इजा, साचलेला मळ, मधल्या कानाचा आजार. काही जणांत मात्र हा आवाज दात, जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू यांच्याशी जोडलेला असतो. ही नोंद त्या प्रकाराविषयी आहे.

जबड्याचा सांधा कानाच्या छिद्राला अगदी खेटून, त्याच्या पुढच्या बाजूला असतो. करंगळीचे टोक कानाच्या तोंडाशी हलके टेकवून तोंड उघडमिट केले, की जबड्याच्या हाडाचे टोक बोटाखाली पुढे-मागे सरकताना कळते. सांध्यातली कुर्चेची चकती जागची हलली असेल, तर तिथेच ‘कट्’ असे वाजते. सांध्याचे दुखणे म्हणूनच कानाचे दुखणे वाटते आणि तपासावे तर पडदा ठणठणीत निघतो. नसांचे नातेही जवळचे आहे. चावण्याचे स्नायू हलवणाऱ्या नसेचीच एक बारीक फांदी मधल्या कानात पडदा ताणणाऱ्या स्नायूकडे जाते. जबड्याकडून निघालेले संदेश मेंदूच्या खोडातल्या श्रवणकेंद्रातही पोहोचतात आणि तिथली हालचाल वाढवू शकतात. दात आवळले किंवा हनुवटी पुढे काढली की आवाजाची पट्टी बदलते, याचे कारण हे मानले जाते.

अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञ जेम्स कॉस्टन यांनी १९३४ मध्ये दाढा पडल्याने जबडा मागे दबतो आणि त्यातून कानाची लक्षणे निर्माण होतात, असे मांडले. दाबाचा त्यांचा खुलासा पुढे शरीररचनेच्या अभ्यासकांनी मोडीत काढला. कान आणि जबडा यांचा संबंध मात्र मान्य झाला.

कोल्हापुरात निदान चुकायला वाव आहे, कारण आवाजाचे कारण समोरच दिसते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत फेटलिंगवर, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या कामावर, असणारा, किंवा विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडला डॉल्बीपुढे नाचून आलेला माणूस कानात आवाज येतो म्हणाला, की पुढचे काही विचारले जात नाही. तो संशय रास्तच आहे आणि श्रवणचाचणी सर्वांचीच व्हावी. पण त्याच माणसाला ‘झोपेत दात खाता का, सकाळी उठल्यावर जबडा आखडतो का, एकाच बाजूने चावता का’ हे तीन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही. चाळिशीत पडलेली दाढ तशीच सोडून वर्षानुवर्षे दुसऱ्या बाजूने मटण चावणारे या जिल्ह्यात थोडे नाहीत. गळीत हंगामात उसाचे कांडे एका दाढेखाली धरून, मान वाकडी करून साल ओढली जाते. दुखऱ्या सांध्याला याहून वाईट व्यायाम नाही. रूट कॅनॉल किंवा अक्कलदाढ काढताना तोंड बराच वेळ ताणून राहिल्यानेही सांधा दुखावतो.

सुपारी आणि गुटखा हे वेगळे प्रकरण आहे. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. सवय टिकून आहे. सुपारीने गालाची व टाळूची आतली त्वचा कडक होत जाते, तोंड उघडेनासे होते. सर्वसाधारण प्रौढाच्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात. ती मावत नसतील आणि कानात दडा बसत असेल, तर टाळूचे ताठरलेले स्नायू कान-घशाची नळी नीट उघडू देत नसण्याची शक्यता असते. ही स्थिती कर्करोगपूर्व असल्याने इथे कानातला आवाज ही दुय्यम बाब ठरते.

दात आवळल्यावर आवाज बदलणे हा पुरावा नव्हे, खूण आहे. निव्वळ कानाच्या कर्णनादातही असे होऊ शकते. दाढदुखीसाठी घेतलेल्या ॲस्पिरिनच्या मोठ्या मात्रेनेही कान वाजतात व गोळी थांबवल्यावर ते बहुधा थांबते, म्हणून औषधांची चौकशी आधी करावी. एका कानाला अचानक कमी ऐकू येणे, नाडीच्या ठोक्याबरोबर आवाज येणे, गरगरणे किंवा चेहरा वाकडा होणे यांपैकी काही असेल तर जबड्याचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांना दाखवावे. अचानक आलेल्या बहिरेपणावर पहिल्या दोन आठवड्यांत उपचार व्हावे लागतात.

उपचार साधे आणि मागे घेता येतील असेच आधी करावेत. काही आठवडे भाकरी रश्शात कुस्करून खावी. मटणाची नळी फोडणे, ऊस, चणे-फुटाणे बंद. गालावर पंधरा-वीस मिनिटे ओला गरम शेक द्यावा. दिवसा ओठ मिटलेले, दात सुटे आणि जीभ टाळूला, अशी जबड्याची ठेवण राखावी. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरावी. झोपेत दात खाणाऱ्यांना मापाचा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचे आवरण, दातांची झीज वाचवतो. आवाज कमी होईलच असे नाही. कर्णनाद घालवण्यासाठी चांगले दात दंतवैद्याकडून झिजवून घेणे किंवा उपटणे हा शुद्ध तोटा आहे. लसणाचे गरम तेल कानात घालण्याचा घरगुती उपायही इथे निरुपयोगी, कारण दुखणे कानाचे नसून सांध्याचे असते.

आवाज पूर्ण थांबवणारे खात्रीचे औषध नाही. रात्रीच्या शांततेत तो मोठा वाटतो, म्हणून पंखा किंवा हळू आवाजातला रेडिओ चालू ठेवतात. आवाजाने होणारी तगमग आणि झोपमोड यांवर समुपदेशनाचा, विशेषतः विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणाऱ्या पद्धतीचा, पुरावा सर्वांत भक्कम आहे. ‘मन रमवा’ एवढेच सांगून पाठवणे म्हणजे समुपदेशन नव्हे.

शहरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, कान तपासून घेता येतो. जबड्यासाठी जिल्ह्यात नवे पारगाव येथे तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालय आहे. श्रवणचाचणीचा कागद दंतवैद्याकडे आणि जबड्याचा एक्स-रे कानाच्या डॉक्टरकडे नेणे हे काम सध्या रुग्णालाच करावे लागते.