पहाटेची हवा सगळ्यात शुद्ध असते का?

दर थंडीत एक मेसेज फिरतो: ‘पहाटे शहराची हवा सर्वात शुद्ध असते, तेव्हाच फिरायला जा.’ रस्ते रिकामे, हवा गार, त्यामुळे ते पटतंही. पाऊस नुकताच पडून गेला असेल तर खरंही असतं. मात्र पुण्या-मुंबईच्या डिसेंबर-जानेवारीत बहुधा उलट घडतं.

रात्री जमीन लवकर निवते आणि तिला लागून असलेली हवाही गार होते. वर मात्र तुलनेने उबदार थर असतो. खालची जड हवा वर जात नाही, वाराही पडलेला असतो. मग रात्रीच्या ट्रकचा धूर, शेकोट्या, जाळलेला कचरा, बांधकामाची धूळ सगळं खालीच कोंडतं. ऊन तापल्यावर हवा वरखाली होऊ लागते आणि धूर पांगतो. मुंबईत दुपारी समुद्रावरचा वाराही मदतीला येतो.

पडताळा सोपा आहे. शेकोटीचा धूर पहाटे वर न जाता आडवा पसरताना दिसेल. मोबाइलवर जवळच्या हवा-मोजणी केंद्राचा पीएम २.५ चा (म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) तासागणिक आलेख बघा. एक्यूआयचा (हवेच्या गुणवत्तेच्या निर्देशांकाचा) एकच आकडा पाहू नका, तो साधारणपणे 24 तासांच्या सरासरीवर काढतात आणि त्यात पहाट-दुपारचा फरक बुजतो.

उन्हाळ्याचं गणित वेगळं: कडक उन्हात जमिनीलगत ओझोन हा श्वासाला त्रासदायक वायू तयार होतो, म्हणून तेव्हा दुपार टाळलेली बरी. दम्याच्या रुग्णांनी थंडीत फिरणं नऊ-दहापर्यंत पुढे ढकलावं, तेही हमरस्ता सोडून.