'पॅल' या शब्दातला भाऊ

ब्रिटनमध्ये कुणालाही हाक मारायला 'मेट' पुरतं. बसचालक मेट, शाळेपासूनचा जिवलगही मेट. या शब्दाच्या पोटात जेवण आहे. मध्ययुगात तो उत्तर जर्मनीकडच्या बोलीतून इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ होता 'ज्याच्याबरोबर आपण जेवतो तो'. इंग्रजी 'मीट'शी त्याचं रक्ताचं नातं. आज मीट म्हणजे मांस, पण जुन्या इंग्रजीत कुठलंही अन्न म्हणजे मीटच. 'स्वीटमीट' या मिठाईच्या नावात तो अर्थ अजून शाबूत आहे. 'कम्पॅनियन'चंही तसंच. लॅटिन 'पानिस', म्हणजे भाकरी, वाटून खाणारा तो सोबती. आपला 'पाव' पोर्तुगीजांमार्फत याच पानिसपासून आलेला.

पण नुसत्या सारखेपणावर विसंबता येत नाही. उत्तर इंग्लंडमध्ये 'बटी' म्हणजे पावात काहीतरी घालून केलेलं खाणं, आणि दक्षिण वेल्समध्ये 'बटी' म्हणजे दोस्त, पूर्वी खाणीतला जोडीदार. दोन्ही एकच असावेत असा मोह होतो. पहिला मात्र 'बटर'वरून आला. दुसऱ्याचं मूळ लुटीतल्या वाटेकऱ्यासाठीच्या शब्दात असावं, असं मानतात.

मग नातं ओळखायचं कसं? उच्चार कसे बदलत गेले, त्याच्या नियमांवरून. मला सर्वांत जवळचा वाटणारा 'पॅल', म्हणजे दोस्त, हा शब्द त्याचा सुंदर दाखला आहे. तो इंग्रजीत आला रोमानीतून, म्हणजे रोमा लोकांच्या भाषेतून. रोमा लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. त्यांच्या भाषेचं भारतीय मूळ जर्मन अभ्यासक योहान रूडिगर यांनी १७८२ साली शब्द आणि व्याकरण ताडून दाखवलं. रोमानीत भावाला 'फ्राल' म्हणतात. यातला 'फ' ओठ मिटून उच्चारायचा, आपल्या 'फळ'मधल्यासारखा.

संस्कृत 'भ', 'घ' यांचा रोमानीत 'फ', 'ख' झाला आणि दोन स्वरांमधल्या 'त'चा 'ल'. 'घृत'चं झालं 'खिल', म्हणजे लोणी. 'भूमी'ची झाली 'फुव', आपली 'भुई'. त्याच वाटेने 'भ्रातृ'चा 'फ्राल' झाला. इंग्लंडमधल्या रोमा लोकांच्या बोलीत तो 'प्राल', 'पाल' असा झिजला आणि सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'पॅल' म्हणून इंग्रजीत दिसू लागला. ज्या लोकांना देशाबाहेर घालवायला इंग्लंडच्या संसदेने १५३० साली कायदा केला, त्यांचाच भावासाठीचा शब्द इंग्रजांनी दोस्तासाठी घेतला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

कोल्हापूरचा पोरगा मित्राला 'भावा' म्हणतो तोही त्याच 'भ्रातृ'चा वंशज. मराठीपर्यंत येताना त्यातला 'त' गळून गेला. रोमानीने तो 'ल'च्या रूपात जपला, आणि 'पॅल'च्या शेवटी आजही ऐकू येतो तो हाच.